आजचा श्लोक : गीता १७.२० (आणि एक चॉकलेट)

आजच्या श्लोकात भगवंत सात्त्विक दान कोणतं ते सांगतात. द्यायला हवं म्हणून दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशालाच.

गेल्या ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, इथे न्यू जर्सीत दोघा मुलांना घेऊन फिरलो. पोर्चचा दिवा चालू असेल त्या घराची बेल वाजवायची, एवढाच नियम. लेक हनुमान झाली होती (गदा अर्थात माझ्याच हातात!). तिने विचारलं, "आई, हे आपल्याला ओळखत पण नाहीत, मग खाऊ का देतात?" श्लोकातला अवघड भाग तिने बरोबर पकडला.

एका आजींच्या दारात आमच्यामागून चार मोठी मुलं आली. वेश नाही, हातात उशीचे अभ्रे. "या वयात?" कुणीतरी पुटपुटलं. आजींनी त्यांनाही तितक्याच आनंदाने दिलं. पुढचे दोन श्लोकही वाचा, मित्रांनो: कुरकुरत दिलं की ते राजस, तुच्छ लेखून दिलं की तामस. चॉकलेट तेच.

"भुतांचा सण आपल्याला कशाला?" असं घरून फोनवर विचारतात. मी वाद घालत नाही. यंदा मुलं अर्धा वेळ फिरणार आणि अर्धा वेळ आमच्या पायरीवर बसून वाटणार.