पाठीवरचे भावंड आणि पारिगर्भिक : थोरल्या बालकाचा विचार

घरात दुसरे बालक जन्मास आले की वैद्याकडे येणाऱ्या पृच्छा ठरलेल्या असतात. बाळाचे पोट दुखते का, गुटी केव्हापासून उगाळावी, बाळंतिणीस दूध पुरेसे यावे म्हणून शतावरी कल्प किती द्यावा. या प्रश्नांची उत्तरे आपण देतो, औषधही देतो. त्याच वेळी आजीच्या कडेवर किंवा चिकित्सालयाच्या दारापाशी उभे असलेले दीड-दोन वर्षांचे थोरले मूल मात्र आपल्या दृष्टीआड राहते. त्याला कोणी रुग्ण म्हणून आणलेलेच नसते. प्रस्तुत लेखात त्या थोरल्या बालकाचा विचार करावयाचा आहे. शास्त्रकारांनी त्याच्या अवस्थेस स्वतंत्र नाव दिले आहे, आणि पदवी परीक्षेनंतर ते नाव आपल्या लेखणीतून क्वचितच उतरते.

व्याधिपरिचय

माधवनिदानाच्या बालरोगनिदानात पारिगर्भिक या व्याधीचे वर्णन आहे. माता पुन्हा गर्भवती असताना तिचेच स्तन्य पीत राहणाऱ्या बालकास कास, अग्निमांद्य, वमन, तंद्रा, कार्श्य, अरुची आणि भ्रम ही लक्षणे होतात. त्यासोबत कोष्ठवृद्धी, म्हणजे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे रूप दिसते. चिकित्सा म्हणून अग्निदीपन करावे, एवढेच सूत्र तेथे आहे. या व्याधीचे दुसरे नाव 'परिभव' असे दिले आहे. परिभव म्हणजे पराभव, अवहेलना. रोगाला असे नाव का पडले असावे, याचा विचार विद्यार्थिदशेत आपण करीत नाही. पण ज्याने दोन लहान मुलांचे घर जवळून पाहिले आहे त्याला ते नाव सार्थ वाटल्यावाचून राहत नाही.

काश्यपसंहितेत याच विचाराचा दुसरा धागा सापडतो. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील हस्तलिखितावरून हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. त्यातील फक्कचिकित्सेत क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे फक्काचे तीन प्रकार आहेत. वर्ष उलटूनही पायावर न चालणारे मूल ते फक्क. त्यातील गर्भज प्रकार म्हणजे माता गर्भवती झाल्यामुळे ज्याचे स्तन्य लवकर तुटले असे मूल होय. त्याच अध्यायात फक्करोगी बालकासाठी तीन चाकांचा रथ सांगितला आहे. आपल्या घरोघरीचा पांगुळगाडा त्याहून फारसा निराळा नाही.

१९३०च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टर पश्चिम आफ्रिकेत, त्या वेळच्या गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना), काम करीत होत्या. मक्याच्या आहारावर वाढणाऱ्या मुलांतील सूज, त्वचाविकार आणि चिडचिड या लक्षणांचा एक आजार त्यांनी १९३३ साली वर्णिला. पुढे १९३५ साली त्याचे स्थानिक, गा भाषेतील नाव 'क्वाशिओरकर' त्यांनी वैद्यकविश्वास दिले. पुढचे मूल आल्यावर मागे सारल्या गेलेल्या मुलाचा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ सांगितला जातो. ही दोन नावे एकमेकांपासून हजारो मैलांवर, एकमेकांचा पत्ता नसताना ठेवली गेली. दोन्ही समाजांतील निरीक्षकांनी रोगाचे मूळ केवळ कोठ्यात न शोधता घरातील क्रमबदलात शोधले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अर्थात पारिगर्भिक म्हणजेच क्वाशिओरकर असे सरळ समीकरण मांडू नये. पहिल्यात कार्श्य प्रधान आहे, दुसऱ्यात शोथ प्रधान आहे.

घराचे स्वरूप

मुळशी तालुक्यातील रिहे आणि त्याच्या आसपासचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून पुढील विवेचन केले आहे. हे वर्णन कोणा एका कुटुंबाचे नसून तेथे आढळावे अशा घराचे आहे. घराला भातशेती आहे. घरातील पुरुष पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या बाजूस कामाला जातो. आषाढात लावणीच्या दिवसांत सासूबाईही खाचरात असतात. थोरली मुलगी बावीस महिन्यांची आहे आणि तिच्या पाठीवर भाऊ झाला आहे.

गर्भारपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात या मुलीचे अंगावरचे पिणे तोडले गेले. बहुधा एका रात्रीत, स्तनाला कोरफडीचा गर किंवा कडुनिंबाचा रस लावून. प्रसूतीसाठी आई माहेरी गेली. मुलगी सोबत गेली तर आजोळच्या नव्या माणसांत, न गेली तर महिना-सव्वा महिना आईवाचून. परतल्यावर बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी असते, सुवेराचे नियम असतात आणि 'बाळाला हात लावू नकोस' ही आज्ञा असते. बावीस महिन्यांच्या मुलीस सगळे घर एकदम 'ताई' म्हणू लागते. तिला स्वतःला अजून नीट घास गिळता येत नाही. तरी आता तिने शहाणे व्हावे अशी अपेक्षा असते.

पुढे जे घडते ते आपल्यापुढे तुकड्यातुकड्याने येते. जेवत नाही, रात्री अंथरूण ओले करते, बोलायला लागलेली पुन्हा बोबडे बोलते, बाळाला चिमटे काढते, माती खाते, मलप्रवृत्ती दोन-दोन दिवस होत नाही. पालक यास 'खोडकरपणा' किंवा 'जळणे' म्हणतात. मला हे निदान मान्य नाही. चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषाद श्रेष्ठ सांगितला आहे आणि प्रीणन करणाऱ्यांत हर्ष श्रेष्ठ सांगितला आहे. हे मूल विषादाने अन्न सोडते, अन्न सुटल्याने अग्नी मंदावतो, मंद अग्नीवर आजी बिस्किटे आणि गोड चहाचा मारा करते. संप्राप्तीचे हे चक्र समजले नाही तर कितीही दीपन-पाचन दिले तरी गुण टिकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहावयास हवी. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा अशी जोडी असेल तर परिभव अधिक खोल असू शकतो. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या मुलींना नवी नावे देण्याचा समारंभ झाला होता, हे आपणा सर्वांना आठवत असेल. नाव न ठेवताही हा भाव ताटातील तुपात आणि अंड्याच्या वाटणीत दिसू शकतो. म्हणून वैद्याने थोरल्या मुलीचे वजन स्वतः करावे, 'बरी आहे' या उत्तरावर थांबू नये.

परीक्षण

दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यानुसार साधारण साडेअकरा किलो असते. ९ किलोच्या खाली ते कमी आणि ८.१ किलोच्या खाली तीव्र कमी समजावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर १२.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर मध्यम आणि ११.५ पेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण धरतात. मोजपट्टी प्रत्येक चिकित्सालयात असावी; ती नाडीपरीक्षेच्या आड येत नाही. दोन्ही पायांवर अंगठा दाबून खड्डा राहतो का हे अवश्य पाहावे. खड्डा राहत असेल, किंवा मूल सुस्त असून काहीच घेत नसेल, तर पारिगर्भिकाची चर्चा बाजूला ठेवून त्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. व्यवच्छेदक निदानात कृमी, ग्रहणी, राजयक्ष्मा (घरात दीर्घकाळ खोकणारे कोणी आहे का?) आणि मृद्भक्षणजन्य पांडू यांचा विचार करावा. आईचे लक्ष बाळात गुंतलेले असताना अंगणातील माती खाणारे मूल हे पांडूचे ग्रंथोक्त उदाहरणच होय.

चिकित्सा

सर्वप्रथम स्तन्याचा प्रश्न. गर्भिणीचे स्तन्य बालकास अहितकर, ही ग्रंथांची भूमिका आपण जाणतो. आजचे ज्ञान असे आहे की प्रकृतीने उत्तम आणि गर्भारपण निर्धोक असलेल्या स्त्रीने केवळ दिवस राहिले म्हणून स्तनपान अकस्मात बंद करण्याची गरज नसते. मात्र दूध आपोआप कमी होत जाते आणि त्याची जागा अन्नाने घ्यावी लागते. या दोहोंत मला विरोध दिसत नाही. वाग्भटांनी दात आलेल्या बालकाचे स्तन्य क्रमाने तोडावे असे सांगितले आहे. बहुतेक वेळा घात होतो तो क्रम मोडल्याने. सुश्रुतांच्या विभागणीप्रमाणे दुसऱ्या वर्षातील मूल क्षीरान्नाद असते. त्याचे क्षीर काढून घेऊन अन्न न वाढवता त्याला अन्नाद समजणे, हाच खरा हेतू मानावा.

स्तन्य सुटलेल्या बालकासाठी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात सांगितलेला प्रीणन मोदक या ठिकाणी फार उपयोगी आहे. प्रियालमज्जा म्हणजे चारोळी, ज्येष्ठमध, साळीच्या लाह्या, खडीसाखर आणि मध एवढेच त्याचे घटक. मुळशीसारख्या भाताच्या मुलखात लाह्यांना तोटा नाही. चारोळी आणि लाह्या बारीक दळून घ्याव्यात, कारण सबंध दाणा या वयात श्वासमार्गात अडकू शकतो. ज्येष्ठमध चिमूटभर पुरते. सुपारीएवढा मोदक सकाळी आणि दुपारी द्यावा. मलप्रवृत्ती पातळ असेल तर त्याच ठिकाणी सांगितलेला कोवळे बेलफळ, वेलची, साखर आणि लाह्यांचे सातू यांचा दीपन मोदक योजावा. घरात करून ताजा द्यावा असाच हा कल्प आहे. बाटलीत भरून विकल्यास त्याचा अर्धा गुण जातो, असे माझे मत आहे.

अग्निदीपनार्थ बालचातुर्भद्र (मुस्ता, पिंपळी, अतिविष, काकडशिंगी) हे चूर्ण कास, ज्वर, अतिसार आणि वमन असताना नेहमीचेच आहे. मधाच्या बाबतीत एक दक्षता घ्यावी. थोरले मूल वर्षावरील असल्याने त्यास मध चालतो; धाकट्याला, म्हणजे वर्षाखालील बालकास, मध कोणत्याही अनुपानात देऊ नये. मधातील जिवाणूंच्या बीजकांमुळे त्या वयात 'बोटुलिझम' हा स्नायू लुळे करणारा विकार होऊ शकतो. थोरलीच्या चमच्याने धाकट्यालाही चाटविण्याची पद्धत घरोघरी असते, म्हणून हे आवर्जून सांगावे.

रोजच्या आहारात मऊ भात, मुगाचे वरण, तूप, नाचणीची खीर, चालत असल्यास अंडे. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांस तसेच गर्भिणी आणि स्तनदा मातेस मिळणारा घरपोच आहार पुष्कळ घरांत एकत्रच शिजतो. कोणाचा वाटा कोणाच्या पोटात गेला हे विचारावे.

आता विहार. बाळ-बाळंतिणीस न्हाऊ घालण्यास बाई येते तेव्हा तिने प्रथम थोरल्या मुलास तेल लावावे, मग बाळास. वातशमन, झोप आणि मलप्रवृत्ती हे अभ्यंगाचे फळ तर मिळतेच, शिवाय आपला क्रम गेलेला नाही हे त्या मुलाला अंगाने कळते. याला खर्च अर्धी वाटी तेलाचा. तसेच आई बाळास पाजावयास बसेल तेव्हा थोरल्याची वाटी त्याच वेळी शेजारी ठेवावी. दोघांची जेवणे एकाच वेळी झाली की स्तनाकडे पुन्हा हट्टाने येणे कमी होते. पुन्हा प्यावयास मागितले तर रागावू नये.

जेवत नाही म्हणून बागुलबुवाची भीती घालणे, किंवा 'बाळाला दे, तू आता मोठी' असे म्हणून हातातील वस्तू काढून घेणे, या दोन्ही सवयी मोडाव्यात. रडणाऱ्या अथवा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असा चरकांचा स्पष्ट निर्देश आहे. खेळणी कशी असावीत हेही तेथेच आहे: रंगीत, आवाज करणारी, हलकी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी. धाकटे बाळ असलेल्या घरात ही शेवटची अट दुप्पट पाळावी. कारण दोन वर्षांचे मूल मोठ्या प्रेमाने बाळाच्या तोंडात शेंगदाणा घालते. पाळण्याजवळ दोघांना एकटे सोडू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

बाळंतिणीला दिलेल्या लोहाच्या गोळ्या थोरल्या मुलास गोड गोळीसारख्या दिसतात. लोहाची अतिमात्रा लहान मुलास प्राणघातक ठरू शकते. गोळ्या देताना 'फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही तेथे ठेवा' हे वाक्य प्रत्येक वेळी उच्चारावे. काढे आणि आसवे ग्राहकाने आणलेल्या शीतपेयाच्या बाटलीत ओतून देऊ नयेत. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेले कल्प बालकासाठी वैद्याच्या लेखी सूचनेवाचून देऊ नयेत.

'मूल जेवत नाही, भूक लागण्याचे औषध द्या' अशी मागणी आली तर बाटली काढण्यापूर्वी 'घरात लहान बाळ आहे का?' असे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर मुलास वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशी एका बाटलीची विक्री कमी होईल, हे खरे.

पुढील गर्भधारणेचा सल्ला हाही या चिकित्सेचाच भाग आहे. प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या तज्ज्ञबैठकीने केली आहे. पहिले मूल सहा महिन्यांचे झाले आणि त्याला उष्टावणासाठी काय द्यावे हे विचारावयास आई आली, की तोच हा विषय काढण्याचा योग्य समय होय. तेव्हा सासूबाई समोर असतील तर बोलणे त्यांच्याशीही करावे; निर्णय बहुधा एकट्या सुनेचा नसतो.

बाळाच्या रुग्णपत्रिकेवर थोरल्या भावंडाचे नाव, वय, वजन आणि दंडाचा घेर यांसाठी एक ओळ आखून घ्यावी. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी ती ओळ भरावी. वजन सलग दोन वेळा स्थिर राहिले किंवा उतरले तर औषध बदलण्याआधी बाळंतिणीच्या खोलीत मुलास जाऊ देतात का, ते विचारावे.