काळी भूमि आणि तिचीं माणसें

मिसर देशाचा इतिहास वाचतांना आम्हांस प्रथम आपल्या तापीकांठची आठवण झाली. प्राचीन मिसरी लोक नाईल नदीच्या गाळाच्या प्रदेशास 'काळी भूमि' म्हणत, व पलीकडील वाळवंटास 'तांबडी भूमि'. आपणही गांवाचे दोन भाग करितों : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. सारंगखेड्याच्या शिवारांत वाढलेल्या मुलास हे शब्द समजावून सांगावे लागत नाहींत. जेथें काळी तेथें धान्य. आणि धान्य आलें कीं तें पिकविणारा, मोजणारा, राखणारा व बसून खाणारा असे निरनिराळे लोक आलेच.

मिसरांत सर्वांच्या वर राजा, म्हणजे फॅरो. त्याच्या खालीं वजीर, सरदार व देवळांचे पुजारी. मग लेखक, सैनिक, कारागीर. आणि तळाशीं अफाट शेतकरी समाज. दासही होते. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें तेथील सात वर्ग सांगितले आहेत : पुजारी, योद्धे, गुराखी, डुकरें पाळणारे, व्यापारी, दुभाषे व नावाडी. ज्यांच्या श्रमावर सारा देश जगे, ते शेतकरी या यादींत नाहींतच! परक्या पाहुण्याची नजर देवळावर व बाजारावर अधिक जाते, असें आम्हांस वाटतें.

दत्तजयंतीस आपल्याकडे घोड्यांची यात्रा भरते, म्हणून एक गोष्ट जातां जातां सांगतों. गीझाचे पिरॅमिड उभे राहिले तेव्हां मिसरांत घोडा नव्हता. तो कित्येक शतकांनीं पश्चिम आशियांतून आला, आणि मग ज्याच्या दारीं घोड्यांचा रथ, तो मोठा माणूस ठरला.

आतां आपला गांवगाडा पाहूं. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी इत्यादि बलुतेदार बारा मोजण्याची रीत होती. यादी मात्र गांवोगांव थोडी बदले. खानदेशांत राखणीचें काम पुष्कळ ठिकाणीं भिल्ल जागल्याकडे असे. बलुतेदारानें वर्षभर राबावें आणि सुगीस खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यावा, असा रिवाज होता. मिसरांतही मजुरी धान्याचीच. राजांचीं थडगीं कोरणारे कारागीर देर अल्-मदीना या वस्तींत राहत, व त्यांस दरमहा गहूं व जव मिळे. तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीच्या २९ व्या वर्षीं हें धान्य थकलें, तेव्हां ते काम टाकून देवळाच्या मागें जाऊन बसले. संपाची जगांतील सर्वांत जुनी लेखी नोंद ती हीच मानितात. आपल्या बलुतेदारास असें बसणें अवघड होतें. मिसरी कारागिराचा धनी दूरचा राजा. याचा धनी शेजारच्याच वाड्यांतला.

सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या एका मिसरी ग्रंथांत खेती नांवाचा एक बाप आपल्या मुलास होडींतून राजधानीच्या शाळेंत घेऊन जातो. वाटेंत तो एकेका धंद्याचे हाल वर्णितो. त्यांत लोहारकाम करणारा, सुतार, कुंभार, न्हावी, परीट व चांभार हे सर्व आहेत. जणूं आपलीच बलुत्याची यादी! लेखक हो, म्हणजे तुझ्यावर हुकूम करणारा कोणी राहणार नाहीं, असा त्याचा मुलास उपदेश आहे. ग्रंथ लेखकांच्या शाळेंतला, म्हणून त्यांत कारागिरांची थट्टा आहे. ती आम्हांस रुचली नाहीं. लोहारावांचून नांगरास फाळ कोठला? परंतु बापाची ओढ खरी वाटली.

ती ओढ सर्वांस मोकळी नव्हती. डुकरें पाळणाऱ्यांस मिसरांतील देवळांत जाऊं देत नसत व त्यांच्याशीं कोणी सोयरीक करीत नसे, असें हिरोडोटस लिहितो. आपल्याकडे हेंच महार, मांग व चांभार यांच्या वांट्यास आलें. महारानें शिवेची खूण दाखवावी, सरकारी वसूल पोंचवावा, मेलेलीं गुरें ओढावीं. गांव त्याच्यावांचून चालत नसे, आणि देवळाची पायरी त्यास बंद. १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत बसूं देण्याचा अर्ज केला; त्यास प्रवेश मिळाला नाहीं. तो कोणत्याही खेतीच्या मुलाइतकाच उत्सुक असला पाहिजे. पुढें १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं विधेयक मांडलें. थोड्या मोबदल्यांत अष्टौप्रहर राबविणारें हें वतन म्हणजे बेडी आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तें विधेयक तेव्हां तडीस गेलें नाहीं. गांवकीचीं हीं कनिष्ठ वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं.

म्हणजे ज्यांनीं खळ्यावर बलुतें घेतलें वा दिलें, अशीं माणसें आमच्या कांहीं वाचकांच्या घरींच असतील. मुलांनीं त्यांस विचारावें : वाटा कोण मोजीत असे, आणि घेणारा कोठें उभा राहत असे?