भूकनिवारणाचे कार्य आणि गावचा स्वयंसेवक

भुकेल्याला अन्न देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. देवस्थानांची अन्नछत्रे, गुरुद्वारांतील लंगर, वारीच्या वाटेवर गावोगाव वाढल्या जाणाऱ्या पंगती, मोठ्या रुग्णालयांच्या दारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणारी भोजनकेंद्रे ही सर्व त्याच भावनेची रूपे होत. या कामासाठी हात सहसा कमी पडत नाहीत. वाढायला उभे राहणारे तरुण शहरातही मिळतात आणि खेड्यातही. तथापि अशा संस्थेच्या कामात ज्याने काही महिने घालविले आहेत, त्याच्या ध्यानात एक गोष्ट येते. पंगतीला येणारा भुकेला असतो हे खरे. परंतु गावातील सर्वांत भुकेला माणूस पंगतीला येतोच असे नाही. अंथरुणाला खिळलेली वृद्धा, हात पसरण्याची लाज वाटणारा कुटुंबप्रमुख, परजिल्ह्यातून वीटभट्टीवर आलेल्या मजुराचे तान्हे मूल ही माणसे रांगेत दिसत नाहीत. त्यांना शोधणे, त्यांची नोंद करणे आणि कायद्याने त्यांना जे मिळावयास हवे ते त्यांच्या घरापर्यंत पोहोचते की नाही हे पाहणे, हा या सेवेचा मोठा भाग आहे. तो छायाचित्रात येत नाही, एवढेच.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. गेल्या दीडशे वर्षांतील दुष्काळांचा इतिहास पाहिला तर त्याची परंपराच दिसून येते.

ओतूर, धनकवडी आणि पुणे

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनचा मुलूख होरपळून निघाला. सत्यशोधक समाजाची स्थापना होऊन तेव्हा अवघी तीन-चार वर्षे झाली होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी या नव्या संघटनेची सारी शक्ती दुष्काळपीडितांकडे वळविली. निराश्रित मुलांच्या भोजनासाठी पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू झाला आणि त्याच्या साहाय्यार्थ जोतीरावांनी १८७७ च्या मे महिन्यात लोकांना जाहीर आवाहन केले. त्याच सुमारास सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातील ओतूर भागात होत्या. तेथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दुष्काळी कामाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. माणसांची आणि गुरांची दैना, गाव सोडून चाललेली कुटुंबे, धान्य वाटण्यासाठी आणि धीर देण्यासाठी नेमलेल्या समित्या हे सारे त्यात आहे. त्याचबरोबर सावकारांच्या वर्तनामुळे उसळलेले दंगे, कार्यकर्त्यांची झालेली अटक आणि सावित्रीबाईंनी स्वतः कलेक्टरांची घेतलेली भेट यांचेही वर्णन त्यात येते. त्या भेटीनंतर कार्यकर्ते सुटले आणि कलेक्टरांनी धान्याच्या चार गाड्या रवाना केल्या.

या प्रसंगाचे महत्त्व त्या चार गाड्यांपुरते नाही. समितीपाशी जे धान्य होते ते ती वाटत होतीच. शिवाय सरकारपाशी जे होते ते गावापर्यंत आणण्यासाठी तिचा शब्द उपयोगी पडला. गावची खरी स्थिती ठाऊक असल्यामुळेच सावित्रीबाईंना अधिकाऱ्यासमोर ठामपणे बोलता आले.

दुसरी धारा पुणे सार्वजनिक सभेची. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या या सभेने दुष्काळी तालुक्यांतून प्रतिनिधींमार्फत माहिती गोळा केली आणि वृत्तांतांच्या रूपाने ती सरकारपुढे सतत मांडली. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी एक रत्तल धान्य व एक आणा एवढ्यावर आणली गेली. एक रत्तल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने एवढ्यावर कसे जगावे, असा प्रश्न सभेने विचारला. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, त्यांची बाजू सभेने मांडली. सभेने तेव्हा तालुक्यांतून जमविले ते आकडे आणि अनुभव होते. अन्नाच्या लढ्यात कागद आणि शाई यांचेही मोल असते, हे येथे दिसते. दुष्काळ आयोगाचा १८८० चा अहवाल आणि त्यानंतर १८८३ मध्ये आलेली दुष्काळ संहिता ही पुढची पायरी होय. या संहितेत काम करू शकणाऱ्यांसाठी काम आणि न करू शकणाऱ्यांसाठी फुकट मदत असे दोन भाग होते. दुसऱ्या भागातील लोकांची गाववार यादी करावयाची असे. यादीची गोष्ट अशी जुनी आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी याच संहितेचा आशय 'केसरी'मधून मराठीत लोकांपुढे ठेवला. त्या माहितीची पत्रके घेऊन कार्यकर्ते गावोगाव गेले. पीक बुडाले असल्यास साऱ्याची सूट वा तहकुबी मागता येते आणि ती मागणे हा गुन्हा नव्हे, हे त्यांनी शेतकऱ्यांना समजावून सांगितले. काही कार्यकर्त्यांवर खटलेही भरण्यात आले. पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडण्याचा प्रयत्नही त्याच काळातला. धान्य आणि माहिती अशा दोन्ही गोष्टी एकाच चळवळीने लोकांपर्यंत नेल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मूठभर धान्य

दुष्काळ नसतानाही भूक असते. विशेषतः शिकू पाहणाऱ्या गरीब मुलांची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. अशा वसतिगृहांतील मुलांच्या जेवणाची तरतूद करताना त्यांनी 'मुष्टिफंडा'चा आधार घेतला. घरोघरच्या स्त्रिया दळणापूर्वी एक मूठ धान्य बाजूला काढीत आणि ते गोळा होऊन मुलांच्या ताटात येई. या योजनेतील दाते बहुधा स्वतःच गरीब होते. मोठ्या देणगीदाराच्या शोधात वेळ घालविणाऱ्या आजच्या संस्थांनी या साध्या हिशेबाचा विचार करावा. एका घरातून रोज पन्नास ग्रॅम धान्य निघाले तर महिन्याला दीड किलो होते. अशा चाळीस घरांचे साठ किलो होतात, म्हणजे कोणाचाही आधार नसलेल्या पाच-सहा वृद्धांचे धान्य गावातल्या गावात भागते.

खडी फोडता न येणारे

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्र शासनाने मोठ्या प्रमाणावर कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांची कामे त्या वर्षी गावोगाव उभी राहिली आणि कामांवर सुकडी वाटली गेली, हे जुन्या पिढीला आजही आठवते. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात ज्या कल्पनेचा प्रयोग झाला होता, तिला या अनुभवाने बळ आले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र होते.

परंतु जो मागू शकतो त्यालाच हे सूत्र लागू पडते. ज्याला खडी फोडता येत नाही, कामापर्यंत चालत जाता येत नाही, त्याची काळजी दुसऱ्या कोणी घ्यावी लागते. येथेच गावच्या स्वयंसेवकाचे स्थान आहे.

आजची यादी

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क झाला. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य देय आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. पात्र कुटुंबांची यादी उघड्यावर लावणे व रास्त भाव दुकानांवर दक्षता समित्या नेमणे हेही याच कायद्यात आहे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी या दोन तरतुदींचा पुरेपूर उपयोग केला पाहिजे.

यादीत नाव नसण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. सून नांदायला आली, पण तिचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरच राहिले. मूल जन्मले, पण नोंदले गेले नाही. भाऊ वेगळे निघाले, पत्रिका थोरल्याकडे गेली आणि आई धाकट्याकडे. आयुष्यभर मजुरी केलेल्या म्हाताऱ्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या आणि ई-पॉस यंत्रावर अंगठा जुळेना. अंगठा जुळला नाही एवढ्याच कारणाने कोणाला धान्य नाकारू नये, अशा केंद्र शासनाच्या २०१७ च्या सूचना आहेत. परंतु त्या म्हाताऱ्याला हे कोण सांगणार? तो दोनदा परत जातो आणि तिसऱ्या खेपेस जातच नाही. अशा वेळी एका स्वयंसेवकाने त्याच्यासोबत दुकानापर्यंत जाणे हे शंभर पाने वाढण्याइतकेच मोलाचे काम आहे.

स्थलांतरित मजुरांची अडचण वेगळी. 'एक देश, एक शिधापत्रिका' या व्यवस्थेमुळे बीडच्या ऊसतोड कामगाराला कोल्हापूरच्या दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते आणि घरी राहिलेली माणसे आपला भाग गावी उचलू शकतात. ही सोय त्या टोळीला ठाऊक असेलच असे गृहीत धरू नये. कारखाना परिसरातील संस्थांनी फडावर जाऊन ती समजावून दिली, तर एका दिवसात होणारे हे काम त्या कुटुंबांना पाच-सहा महिने पुरते.

शाळेच्या बाबतीत शिक्षकांचे लक्ष मधल्या सुट्टीतील भोजनाकडे असतेच. गावकऱ्यांनी वाढदिवसाच्या वा पुण्यतिथीच्या निमित्ताने मुलांना पूरक आहार देण्याची तिथिभोजनाची पद्धतही स्वागतार्ह आहे. मात्र खरी उणीव भासते ती दीर्घ सुट्टीत. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही शालेय भोजन चालू ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला होता. ज्या घरातील मूल सोमवारी सकाळी परिपाठाच्या वेळी पेंगते, त्या घरी शिक्षकाने एकदा जाऊन यावे. शनिवारी दुपारनंतर त्या मुलाने काय खाल्ले, याचे उत्तर तेथेच मिळते.

उरलेले अन्न आणि कुपोषित मूल

मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये 'रोटी बँक' हा उपक्रम सुरू करून समारंभांत उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत नेले. असे उपक्रम आता अनेक शहरांत चालतात आणि अतिरिक्त अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे केंद्रीय विनियम आहेत. उत्साहाच्या भरात याकडे दुर्लक्ष होता कामा नये. शिजविलेले अन्न ६० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम किंवा ५ अंशांपेक्षा थंड ठेवावे लागते. या दोहोंमधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. लग्नाच्या मांडवात दुपारी बारापासून उघडा राहिलेला भात रात्री नऊला वस्तीवर वाटणे ही सेवा नव्हे. दात्याचे मन मोडण्याचा प्रसंग आला तरी असे अन्न नाकारावे. अन्न कोठून आले, केव्हा शिजले, केव्हा वाटले याची वही प्रत्येक गाडीत असावी.

तीव्र कुपोषित बालकाच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण समजतात. अशा मुलाला दयेपोटी एकदम पोटभर तेलकट किंवा गोड पदार्थ खाऊ घातल्यास अपाय होऊ शकतो. त्याचे शरीर उपासाला सरावलेले असते, म्हणून आजारी बालकाला आरंभी विशिष्ट प्रमाणातील पातळ आहार थोडा थोडा द्यावा लागतो. हे काम प्रशिक्षित व्यक्तीचे आहे. स्वयंसेवकाने त्या बालकाची माहिती त्याच दिवशी अंगणवाडी सेविकेस वा आशा कार्यकर्तीस द्यावी. ताप, सूज किंवा खाण्याची अनिच्छा असल्यास त्याला पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत नेण्याची व्यवस्था करावी. आईची मजुरी बुडणार असेल तर तिच्या घरच्या इतर मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय संस्थेने पाहावी. बहुतेकदा आई केंद्रात राहायला तयार होत नाही ती याच चिंतेने.

संस्थेचे काम गावात नव्याने सुरू करावयाचे असेल तर त्याला वेळही साधावी लागते. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मागे म्हातारी माणसे व काही लहान मुले राहतात. म्हणून दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने, शाळेने आणि संस्थेच्या स्वयंसेवकांनी मिळून घरोघर एक फेरी करावी. कोण जाणार, कोण राहणार, शिधापत्रिका कोणाजवळ असणार, धान्य कोण आणून देणार आणि चूल कोण पेटविणार, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहावीत. ज्या घरात पाचव्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, तेथे टोळी निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू करावा.