डब्याचे पदार्थविज्ञान



मी घाटकोपरला राहतो आणि महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमचे तास सकाळी सातला सुरू होतात. एके दिवशी साडेदहाच्या प्रात्यक्षिकाला अकरावीची एक मुलगी व्हर्नियरचे वाचन घेता घेता एकदम खाली बसली. तिला घेरी आली होती. पाणी दिले, जरा बरे वाटल्यावर विचारले, "सकाळी काय खाल्लंस?"

"चहा आणि दोन बिस्किटं, सर."

"आणि डबा?"

"आई सहालाच कामावर जाते. आणि चांगला डबा म्हणजे काजू-बदाम, फळं. ते रोज कुठून आणायचं?"

तिचे शेवटचे वाक्य माझ्या मनात राहिले. चांगला डबा महागच असतो, ही समजूत पुष्कळ घरांत असते. ती खरी आहे का? पदार्थविज्ञानात आपण एखादी समजूत खरी की खोटी हे मोजून ठरवतो. डब्याचेही तसेच करू या.

हा प्रश्न माध्यमिक शाळेत जास्त महत्त्वाचा आहे. सरकारी व अनुदानित शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन मिळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी योजनेचे नाव २०२१ पासून 'पीएम पोषण' असे आहे. पण ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववीपासून मुलामुलींची भिस्त स्वतःच्या डब्यावर असते, आणि उंची व वजन झपाट्याने वाढण्याचे वयही हेच!

ऊर्जा किती लागते?

घाटकोपरला असल्फ्याची टेकडी आहे. मेट्रोतून जाताना तिच्या उतारावरची रंगीत घरे दिसतात. तेथील मुले रोज पायऱ्या चढून घरी जातात. समजा, ४५ किलोग्रॅम वजनाचा मुलगा ५० मीटर उंची चढला. त्याने केलेले कार्य किती?

कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = ४५ × ९.८ × ५० = २२,०५० जूल

एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८० जूल. म्हणजे हे कार्य जेमतेम सव्वापाच किलोकॅलरी झाले. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता साधारण पाव असते. बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणून शरीराला प्रत्यक्षात सुमारे २१ किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून सुमारे १०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे चतकोर पोळीपेक्षाही कमी अन्नावर ती टेकडी चढून होते!

मग भूक इतकी का लागते? कारण शरीर नुसते बसले असतानाही ऊर्जा खर्च करत असते. हृदय चालू असते, श्वास चालू असतो, शरीराचे तापमान ३७ अंशांवर राखायचे असते. वजनाने लहान असलेला मेंदूही विश्रांतीच्या वेळच्या खर्चातला सुमारे पाचवा हिस्सा घेतो. वर्गात बसलेला तुमच्या वयाचा विद्यार्थी साधारण ८० वॅटच्या दिव्याइतकी ऊर्जा वापरतो असे धरा. मग पाच तासांत,

८० × ५ × ३,६०० = १४,४०,००० जूल, म्हणजे सुमारे ३४५ किलोकॅलरी.

थोडे चालणे-खेळणे त्यात मिळवा. मधल्या सुट्टीच्या डब्यातून सुमारे ४०० किलोकॅलरी मिळायला हव्यात, हे आपल्याला कळले.

नुसती ऊर्जा पुरत नाही

४०० किलोकॅलरी तर बिस्किटांतूनही मिळतील. मग बिघडले कोठे? घर बांधताना मजुरांना मजुरी दिली पण विटाच आणल्या नाहीत, तर भिंत उभी राहत नाही. शरीराच्या विटा म्हणजे प्रथिने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. त्यांतला तिसरा हिस्सा, म्हणजे १५ ग्रॅम, डब्यातून यावा असे धरू.

आता दोन डबे तोलून पाहू.

पहिला डबा: गोड बिस्किटांचा ५० ग्रॅमचा पुडा. ऊर्जा सुमारे २२५ किलोकॅलरी, प्रथिने फक्त ३ ते ३.५ ग्रॅम.

दुसरा डबा: ६० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या आणि ३० ग्रॅम मटकीला मोड आणून केलेली उसळ, दोन्हींत मिळून दोन लहान चमचे तेल. ऊर्जा सुमारे ४०० किलोकॅलरी, प्रथिने सुमारे १४ ग्रॅम.

पोळी आणि उसळ या जोडीत आणखी एक गंमत आहे. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. ते डाळी-कडधान्यांत भरपूर असते. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी असते, ते धान्य पुरवते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरणभात, खिचडी, पिठले-भाकरी, इडली या साऱ्या जोड्यांमागे हेच तत्त्व आहे. आपल्या आज्यांना अमिनो आम्ले ठाऊक नव्हती, पण जोडी बरोबर जमली होती. दोन भाग धान्याला एक भाग कडधान्य, एवढे प्रमाण लक्षात ठेवा.

राहिले काजू-बदाम. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. बदामात आणि काजूत प्रथिने साधारण तेवढीच, किंबहुना थोडी कमीच असतात. किंमत मात्र कित्येक पट! तेव्हा शेंगदाण्याचा लाडू खाताना मन छोटे करण्याचे कारण नाही.

लिंबाची फोड आणि चहाचा कप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाचे एक मोठे कारण म्हणजे लोहाची कमतरता. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी होते, ऊतींना ऑक्सिजन कमी मिळतो, आणि मुलगी 'आळशी' किंवा 'लक्ष नसलेली' ठरते.

डाळी, कडधान्ये व पालेभाज्यांत लोह असते, पण ते आतड्यातून सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण वाढते. म्हणून उसळीवर वा पोह्यांवर लिंबू पिळायचे. पेरूची फोड किंवा आवळाही चालेल. मोड आणलेल्या कडधान्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि लोहाला अडकवून ठेवणारे फायटेट कमी होते. याउलट चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते. म्हणून डबा आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा. मात्र सतत थकवा, धाप किंवा घेरी येत असेल, तर लिंबावर विसंबू नका. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

डबा आंबतो का?

मुंबईच्या दमट हवेत हा प्रश्न नेहमीचा. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणूंची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते. एका जीवाणूपासून सुरुवात केली, तर पाच तासांत १५ वेळा दुप्पट होऊन ३२,७६८ जीवाणू होतील! साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात त्यांची वाढ होते, आणि डबा बहुतेक वेळ याच टापूत असतो.

मग उपाय काय? जीवाणूंना पाणी लागते. आमच्या घाटकोपरच्या गुजराती शेजाऱ्यांचा मेथीचा थेपला दिवसभर चांगला राहतो, कारण तो तव्यावर भाजताना त्यातले बरेच पाणी निघून जाते. ओलसर उपमा किंवा रस्साभाजी तितकी टिकत नाही. आंबटपणाही वाढ रोखतो. म्हणून चिंच, कोकम, लिंबू उपयोगी. आंबट पदार्थ मात्र ॲल्युमिनियमच्या डब्यात नेऊ नका. स्टीलचा डबा उत्तम.

गरम अन्न लगेच झाकले की वाफ झाकणाखाली थंड होऊन तिचे पाणी होते आणि पोळीवर टपकते. पोळीचा लगदा होतो, जीवाणूंची सोय होते. म्हणून अन्न ताटात पसरून लवकर निववा आणि मगच डबा बंद करा. पसरल्याने पृष्ठभाग वाढतो व उष्णता लवकर निघून जाते. भाताच्या बाबतीत विशेष जपा. काही जीवाणूंचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली, तरी तो निर्धोक होत नाही.

सहा दिवसांचे डबे

सोमवार: पोळी, मटकीची उसळ, लिंबाची फोड.
मंगळवार: मूठभर शेंगदाणे घातलेले कांदेपोहे, सोबत पेरू.
बुधवार: भाजणीचे थालीपीठ, दाण्याची चटणी. भाजणीत धान्य व डाळी एकत्रच असतात.
गुरुवार: मेथीचा थेपला, भाजलेले चणे.
शुक्रवार: मूगडाळीचे धिरडे, टोमॅटोची चटणी.
शनिवार: नाचणीची भाकरी, कोरडे पिठले, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते.

ज्यांच्या घरी चालते त्यांनी उकडलेले अंडे घ्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. सुकट किंवा जवळ्याची कोरडी चटणीही प्रथिनांनी समृद्ध आहे.

करून पाहा

१. वाण्याकडून शेंगदाणे, मटकी, हरभरा डाळ, बिस्किटे आणि बदाम यांचे भाव लिहून आणा. १०० ग्रॅममधील प्रथिने साधारण अशी: शेंगदाणे २४, मटकी २३, हरभरा डाळ २१, बिस्किटे ६.५, बदाम २०. एका रुपयात कशातून किती प्रथिने मिळतात ते काढा आणि त्याचा स्तंभालेख काढून वर्गात लावा.

२. ३० ग्रॅम मटकी रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. भिजवण्यापूर्वी, भिजल्यावर आणि मोड आल्यावर वजन करा. वाढलेले वजन कशाचे?

३. साधारण ६० अंशांचे पाणी समान प्रमाणात एका पसरट ताटात व एका बंद डब्यात घ्या. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. पाऱ्याचा तापमापक खाण्याच्या पदार्थात कधीही बुडवू नका.

शिक्षकांना एक विनंती. पहिल्या प्रयोगासाठी मुलांच्या डब्यांची वर्गात तपासणी करू नये. कोणाच्या डब्यात काय आहे आणि कोणी डबाच आणलेला नाही, हे चारचौघांत उघड होता कामा नये. वाण्याच्या भावांवरून गणित होते, तेवढे पुरे.

आणि त्या मुलीचे काय झाले? आम्ही दोघांनी मिळून वरचे गणित फळ्यावर मांडले. कडधान्य रात्री भिजवायला दोन मिनिटे लागतात, त्यासाठी आईने घरी असण्याची गरज नाही, हे तिचे तिलाच सुचले. डॉक्टरांकडून रक्तही तपासून घेतले. आता प्रात्यक्षिकाच्या आधी ती आणि तिच्या मैत्रिणी जिन्यात बसून डबा खातात. परवा मलाही उसळ मिळाली. मीठ थोडे जास्त होते, पण लिंबू पिळलेले होते.