जकात : गरजवंताच्या हाती, गरजवंताच्या मालकीची

पवित्र कुरआनच्या सूरह तौबामधील साठाव्या आयतीत अल्लाहने जकातीचे आठ हक्कदार निश्चित केले आहेत. त्या यादीत अग्रस्थानी फकीर आणि मिसकीन आहेत. आयतीचा अर्थ आपण अनेकदा ऐकतो. तिच्या आरंभीच्या एका लहानशा अक्षराकडे मात्र क्वचितच आपले लक्ष जाते. ते अक्षर म्हणजे 'लिल्‌ फुकरा' यातील 'लाम'. अरबी व्याकरणात हा लाम मालकी दर्शवितो. आपल्या मराठीत 'गरिबासाठी काही करणे' आणि 'ते गरिबाचे होणे' यांत जो फरक आहे, तोच फरक येथे आहे. हनफी फिकहच्या विद्वानांनी याच आधारावर 'तमलीक' ही जकातीची अट मानली. जकात घेणारा त्या मालाचा पूर्ण मालक झाला पाहिजे, अन्यथा जकात अदा होत नाही. गरिबांना दस्तरखानवर बसवून केवळ जेवू घातले, तर ते सत्कृत्य खरे. परंतु त्याने हनफी मतानुसार जकातीची जबाबदारी उतरत नाही, कारण जेवणाऱ्याला खाण्याची परवानगी मिळाली, मालकी मिळाली नाही.

रमजान जवळ येत आहे. आपल्या नाशिकमध्ये काझीपुरा, चौक मंडई, वडाळा अशा वस्त्यांतून लवकरच किटच्या पिशव्या भरल्या जातील. अशा वेळी या एका अक्षराने आपल्याकडून काय मागितले आहे, याचा विचार करणे आवश्यक आहे.

एक प्रसंग, जो मला विसरता येत नाही

काही वर्षांपूर्वी मी एका मशिदीत नायब इमाम होतो. रमजानमध्ये जकातीच्या रकमेतून पीठ, तांदूळ, तेल, साखर, खजूर आणि शेवया यांचे किट वाटले जात असे. मोहल्ल्यातील एक विधवा भगिनी साडीला फॉल-बिडिंग करून दोन मुलांना वाढवत होत्या. त्यांनी माझ्याकडे निरोप पाठवला की, शक्य असल्यास यंदा किटऐवजी रोख रक्कम मिळावी. मी तो निरोप समितीपुढे ठेवला. "रोख दिली तर कुठे जाईल, कोण सांगणार?" असे उत्तर मिळाले. मी आग्रह धरला नाही.

त्या वर्षी त्यांना तीन ठिकाणांहून तीन किट मिळाले. त्यांतील दोन त्यांनी एका किराणा दुकानदाराला कमी भावात विकले. समितीतील एका सदस्याने ते पाहिले, चार लोकांदेखत त्यांना बोल लावला आणि पुढील यादीतून त्यांचे नाव वगळले. मी तेथे उपस्थित होतो आणि गप्प राहिलो.

पुढे माझ्या पत्नीकडून खरी गोष्ट समजली. त्यांच्या शिलाई यंत्राची मोटर जळाली होती आणि ईदच्या तोंडावरचे काम हातातून जात होते. त्या माझ्या पत्नीला एवढेच म्हणाल्या, "भाभी, घरात पिठाच्या तीन पिशव्या होत्या. मोटरवाला पीठ घेत नाही."

शरीयतच्या दृष्टीने या प्रसंगात चूक कोणाची? किट हाती पडताच त्या भगिनी त्याच्या मालक झाल्या होत्या. आपली वस्तू विकण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. सहीह बुखारीत हजरत बरीरा (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. त्यांना सदका म्हणून मिळालेले मांस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी आले. प्रेषितांसाठी सदका वर्ज्य होता. तरीही त्यांनी स्पष्ट केले की, ते बरीरासाठी सदका होते आणि आता तिच्याकडून आपल्यासाठी भेट आहे. म्हणजेच सदका गरजवंताच्या हाती पडला की तो त्याचा होतो. तो ते खावो, विको वा भेट देवो. दात्याचा त्यावरील अधिकार संपलेला असतो. मग चारचौघांत त्या भगिनीला जाब विचारणारे आम्ही कोण होतो? सूरह बकराच्या २६३ आणि २६४ या आयतींत, दुखावणारा सदका देण्यापेक्षा गोड शब्द बरा, असे समजावून उपकार दाखवून व मन दुखवून सदके वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. आमचे किट आम्हीच वाया घालवले होते.

पहिला दिरहम आणि दुसरा दिरहम

सुनन अबू दाऊदमध्ये एका अन्सारी व्यक्तीची घटना नोंदलेली आहे. ते प्रेषित (स.) यांच्याकडे मागण्यासाठी आले. घरात काय आहे, असे विचारल्यावर एक जाडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे एवढेच त्यांनी सांगितले. प्रेषितांनी त्या वस्तू मागवून त्यांचा लिलाव केला. दोन दिरहम आले. ते दोन्ही दिरहम त्यांनी त्या अन्सारींच्याच हाती दिले. एका दिरहमचे अन्न घेऊन घरी द्यावे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणावी, असे सांगितले. कुऱ्हाड आल्यावर प्रेषितांनी स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकण्यास सांगितले. ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते. त्यातून त्यांनी कपडा आणि धान्य घेतले.

या घटनेतील क्रम लक्षात घ्यावा. आधी घरातील चूल, मग कमाईचे साधन. पोटात भूक असताना कोणी कुऱ्हाड चालवू शकत नाही आणि केवळ अन्न दिले तर पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा दारात उभा राहतो.

हाच क्रम गरीब कुटुंबे कोणी न शिकवताही पाळतात, हे आपल्या शेजारच्या राज्यात दिसून आले आहे. २०११ मध्ये मध्य प्रदेशात इंदूरच्या परिसरातील आठ गावांत 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने एक प्रयोग केला. गावातील प्रत्येक प्रौढाला दरमहा २०० रुपये व प्रत्येक बालकामागे १०० रुपये देण्यात आले. वर्षभराने ही रक्कम अनुक्रमे ३०० व १५० करण्यात आली. मुलांची रक्कम आईकडे जात असे. पैसा कशावर खर्चावा, याची कोणतीही अट नव्हती. पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली असता या गावांत डाळी-भाजीपाला यांचे प्रमाण वाढलेले, शाळेवरील खर्च वाढलेला, कर्जाचा भार हलका झालेला आणि शेळ्या-गुरे वाढलेली आढळली. कोणी बियाणे घेतले, कोणी शिलाई यंत्र घेतले. रक्कम लहान होती. पण ती नियमित आणि स्वतःची होती.

'पैसे उडवतील' ही शंका

रोख मदतीविरुद्ध सर्वाधिक मांडला जाणारा आक्षेप हा की, गरीब मनुष्य पैसा व्यसनात उडवील. काही सुशिक्षित बंधू यासाठी सूरह निसाच्या पाचव्या आयतीचा आधार देतात. तिच्यात, अल्लाहने ज्या मालाला तुमच्या जीवनाचा आधार बनवले आहे तो अजाण लोकांच्या स्वाधीन करू नका, असा आदेश आहे. परंतु ही आयत ज्यांना व्यवहाराची समज नाही अशांच्या पालकत्वाविषयी आहे. तिच्या लगेच पुढची आयत अनाथांना समज आल्याचे पाहून त्यांचा माल त्यांच्या हवाली करण्यास सांगते. दारिद्र्य म्हणजे अजाणपण, असे कुरआनने कोठेही म्हटलेले नाही. उलट सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशा स्वाभिमानी गरजवंतांचे वर्णन आहे, ज्यांना त्यांच्या संयमामुळे अनभिज्ञ मनुष्य संपन्न समजतो.

अनुभवही या शंकेच्या विरुद्ध आहे. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतील रोख मदतीविषयीच्या संशोधनांचा आढावा घेतला. मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरील खर्च वाढतो, असे त्यातून सर्वसाधारणपणे दिसले नाही. जी माता महिन्याच्या वीस तारखेपासून तेलाच्या थेंबांचा हिशेब ठेवते, तिला काटकसर शिकवण्याची पात्रता आपल्यापैकी कितीजणांत आहे?

तरीही एखादा दिरहम चुकीच्या हाती गेलाच तर? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका दात्याची कथा आहे. त्याने रात्रीच्या अंधारात दिलेला सदका अजाणतेपणी एका चोराला, एका बदचलन स्त्रीला आणि एका धनिकाला मिळाला. त्याला कळवण्यात आले की कदाचित त्यामुळे चोर चोरी सोडील, ती स्त्री पाप सोडील आणि धनिक खर्च करण्यास शिकेल. चौकशी करणे आपले कर्तव्य आहे. संशय धरणे नव्हे.

किती द्यावे?

आपण बहुधा एक रक्कम शंभर घरांत वाटतो. प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते आणि कोणाचेही दारिद्र्य हटत नाही. हजरत उमर (रजि.) यांची शिकवण इमाम अबू उबैद (रह.) यांनी 'किताबुल अमवाल' या ग्रंथात नोंदवली आहे. तिचा आशय असा की द्याल तेव्हा गरज भागेल इतके द्या. शाफई फिकहचे इमाम नववी (रह.) यांनी तर व्यवसायानुसार प्रमाण सांगितले आहे. भाजी विकणाऱ्याला पाच-दहा दिरहम, तर जवाहिराचा धंदा करणाऱ्याला दहा हजार दिरहमपर्यंत द्यावे, म्हणजे तो आपल्या कसबावर उभा राहील. हनफी मतानुसार कर्ज वा कुटुंबाचा भार नसलेल्या एकाच व्यक्तीला निसाबाइतकी रक्कम देणे मकरूह आहे. मात्र ती व्यक्ती कर्जदार असेल, किंवा कुटुंबात विभागल्यावर प्रत्येकाचा वाटा निसाबाहून कमी राहत असेल, तर अधिक देण्यास हरकत नाही. आपल्या मोहल्ल्यातील बहुतेक गरजू घरे याच वर्गात मोडतात.

रोख रकमेच्या वैधतेविषयीही शंका नसावी. हनफी मतात वस्तूऐवजी तिचे मूल्य देणे वैध आहे. सहीह बुखारीत उल्लेख आहे की, हजरत मुआज (रजि.) यांनी यमनच्या लोकांकडून जव आणि ज्वारीऐवजी कपडे घेतले, कारण ते देणाऱ्यांना सोपे आणि मदीनेतील गरजूंना अधिक उपयोगी होते. म्हणजे पाहायचे ते घेणाऱ्याची गरज. याच न्यायाने महापुरात किंवा २०२० च्या टाळेबंदीसारख्या काळात धान्याची पिशवी हीच मोठी रहमत ठरते. कोकणातील आपले शाफई बंधू सदका-ए-फित्र धान्यातच देतात, त्यांचा मार्गही आदरणीय आहे.

लाडकी बहीण आणि आपली घरे

महाराष्ट्र शासनाने जून २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांच्या बँक खात्यात दरमहा १५०० रुपये थेट जमा होऊ लागले. पहिले हप्ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले. त्यासंबंधी माझ्याकडे तीन प्रश्न वारंवार येतात.

पहिला प्रश्न : ज्या भगिनीला हे पैसे मिळतात, तिला जकात देता येईल काय? होय. तिच्याजवळ मूलभूत गरजांपलीकडे निसाबाइतका माल नसेल, तर ती जकातीची हक्कदार आहे. दीड हजारात घरभाडे, वीज आणि औषध भागत नाही, हे आपण जाणतो.

दुसरा प्रश्न पती विचारतात : या पैशावर कोणाचा अधिकार? केवळ पत्नीचा. सूरह निसाच्या ३२ व्या आयतीत पुरुषांच्या कमाईचा वाटा पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईचा वाटा स्त्रियांचा, हे तत्त्व आले आहे. पत्नीने राजीखुशीने घरात खर्च केला तर तो तिचा उपकार आहे. तिचे कार्ड हिसकावून घेणे हा जुलूम आहे. पत्नीच्या खात्यात पैसे आले म्हणून पतीवरील खर्चाची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

तिसरा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, म्हणून मीच उत्तर देतो. उत्पन्न लपवून हा लाभ घेणे हराम आहे. छाननीत काही पुरुषांच्या नावेही लाभ घेतल्याचे उघड झाले. गरजवंताचा हक्क खोट्या कागदावर घेणाऱ्याने तो परत करावा आणि तौबा करावी.

या रमजानमध्ये आपण काय करावे?

देण्यापूर्वी विचारावे की, "आपल्याला कशाची निकड आहे?" शक्य तेथे रक्कम थेट त्या कुटुंबाच्या खात्यात पाठवावी. पाठवताना जकातीची नियत असावी. 'जकात' हा शब्द उच्चारणे आवश्यक नाही. घरातील पुरुष व्यसनी असेल, तर रक्कम घरातील स्त्रीच्या हाती द्यावी. दवाखान्याचे बिल वा कर्ज परस्पर फेडायचे असल्यास त्या व्यक्तीची संमती घ्यावी. फोटो काढू नयेत. सूरह बकराच्या २७१ व्या आयतीनुसार गुप्तपणे दिलेला सदका अधिक उत्तम आहे. आणि प्रत्येक मोहल्ल्याने वर्षाला निदान दोन-तीन घरे अशी निवडावीत, ज्यांना पुढील वर्षी यादीत यावे लागणार नाही.

त्या भगिनी पुढील रमजानमध्ये किट घेण्यासाठी आल्या नाहीत. आम्ही पती-पत्नी त्यांच्या घरी गेलो. मी क्षमा मागितली. त्यांनी क्षमा केली आणि चहा पाजला. मोटर त्यांनी उसनवारी करून बसवली होती आणि ती उधारी महिन्या-महिन्याने फेडत होत्या. ती रक्कम आमच्या एका किटच्या खर्चाहून फारशी अधिक नव्हती.

अल्लाह आपल्या मालाला पवित्र करो, आपल्या अंतःकरणातील संशय दूर करो आणि गरजवंतांचा हक्क सन्मानाने त्यांच्या हाती पोहोचवण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.