गिटारचा सराव आणि मनगटाचें दुखणें

पांचगणीच्या शाळांतून वाद्यवादनाची परंपरा जुनी आहे. येथील सेंट पीटर्स शाळेंत शिकणाऱ्या फारुख बलसारा यानें १९५८ सालीं सोबत्यांसह ‘हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद स्थापिला. पुढें तोच फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगप्रसिद्ध झाला. तें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून गिटार शिकणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें स्नेहसंमेलनापूर्वीं मनगटाची वेदना आम्हांपासून लपविली. वादनाची संधि हुकेल, ही त्यास भीति! परिणामीं कित्येक आठवडे त्यास वाद्यास हात लावतां आला नाहीं.

मनगटांत आठ लहान अस्थींची कमान असते. तींतून बोटें व अंगठा वांकविणाऱ्या स्नायूंच्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतु जातात. मनगट फार वांकलें कीं हा अरुंद मार्ग आंवळतो. म्हणून गिटारची मान किंचित् वर धरावी, मनगट सरळ ठेवावें व स्वर स्पष्ट उमटेल इतकाच दाब द्यावा. येथल्या थंडींत हात ऊन करून मगच वाजवावयास बसावें. दर वीस-पंचवीस मिनिटांनीं विसांवा घ्यावा. संमेलन जवळ आलें म्हणून सराव एकाएकीं दुप्पट करूं नये.

दुखूं लागतांच थांबावें. अंगठ्यास व शेजारच्या बोटांस मुंग्या येत असतील, अथवा रात्रीं हात बधिर होत असेल, तर पालकांनीं डॉक्टरांस दाखवावें. जर्मन संगीतकार शुमान यास १८३२ च्या सुमारास उजव्या हाताच्या विकारामुळें पियानोवादक होण्याची आशा सोडावी लागली. मुलांनो, दुखणें वेळीं सांगणें हा भ्याडपणा नव्हे.