हवा मानवली म्हणून

परवा चिपळूणहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाला लखनौत नोकरी लागली आहे आणि त्याला लहानपणापासून दमा आहे. "तुमच्याकडची हवा कोरडी ना गं? मानवेल ना त्याला?" ताईने विचारलं. आठ वर्षांपूर्वी माझ्या आईनेही हेच विचारलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं उत्तर चुकीचं काढलं होतं.

माझा दमा कोकणातला. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींना ओल, कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास आणि श्रावण लागला की रात्री छातीत शिट्टी. ह्यांची बदली लखनौला झाली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, हवापालट होईल. दमा सुटेल." जूनमध्ये आम्ही गोमतीनगरात राहायला आलो. इथला पाऊस कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, तो सुखरूप गेला. ऑक्टोबरात आभाळ निरभ्र झालं, पहाटे गारवा आला, आणि मी दोन जिने न थांबता चढू लागले. त्या आनंदात दसऱ्याच्या सुमारास मी रोजचा सकाळ-संध्याकाळचा पंप बंद केला. कोणालाही विचारलं नाही. बरं वाटतंय तर स्टेरॉइड कशाला, एवढाच विचार.

बरं वाटत होतं ते त्या पंपामुळेच, हे मला कळायला हवं होतं. दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला कायम थोडी सूज असते. रोजचा पंप ती सूज दाबून ठेवतो. तो थांबवला की लगेच काही होत नाही, सूज हळूहळू आठवड्यांनी वाढते, म्हणून माणूस फसतो. धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप नळ्यांभोवतालचे आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. माझ्याकडे फक्त निळा पंप उरला होता, आणि पुढे लखनौचा नोव्हेंबर होता.

हा नोव्हेंबर कोकणातल्या माणसाला सांगून पटत नाही. लखनौ गंगेच्या सपाट खोऱ्यात आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्याकडे संध्याकाळी खारा वारा सुटतो आणि दिवसभराचा धूर घेऊन जातो. इथे थंडीत वारा जवळपास पडतो. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वर तुलनेने गरम हवेचं झाकण पडतं. त्या झाकणाखाली वाहनांचा धूर, वीटभट्ट्यांचा, जळणाऱ्या कचऱ्याचा, भाताच्या पेंढ्याचा, चौकाचौकातल्या शेकोट्यांचा धूर साठत जातो, आणि दिवाळीत फटाक्यांची भर पडते. कोहरा, म्हणजे धुकं, म्हणून जे पांढरं दिसतं, त्यात पाणी असतं तशी काजळीही असते. पीएम २.५ म्हणजे इतके बारीक कण की ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशाने त्यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरवली आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून १५. इथल्या थंडीत ६० ची मर्यादाही कितीतरी दिवस ओलांडली जाते.

आणि मी काय करत होते? तब्येत सुधारली म्हणून पहाटे साडेपाचला जनेश्वर मिश्र पार्कात फिरायला जात होते. भरभर चालताना माणूस तोंडाने श्वास घेतो. नाकात हवा जरा कोमट आणि ओलसर होते, ती सोय तोंडात नाही, त्यामुळे थंड हवा सरळ नळ्यांवर आदळते आणि त्या आवळतात. झाकण सगळ्यात घट्ट असतं तेही पहाटेच. "सुबह की हवा दवा होती है, भाभी," असं शेजारच्या मिश्राभाभी म्हणायच्या, आणि ते मला मनापासून खरं वाटायचं.

दिवाळीनंतर आठवड्याभराने पारा उतरला म्हणून ट्रंकेतली रजई काढली. घरमालकांनी प्रेमाने दिलेली, जड कापसाची, बरीच वर्षं वापरातली. उन्हात न टाकताच अंगावर घेतली.

दुसऱ्या रात्री दोनला जाग आली ती बसूनच. पलंगाच्या कडेला, कोपरं गुडघ्यांवर टेकलेली, खांदे कानांपर्यंत चढलेले. श्वास आत जात होता, बाहेर निघत नव्हता. निळा पंप मारला, पुन्हा मारला. ह्यांनी विचारलं, "काय होतंय?" मला म्हणायचं होतं, गाडी काढा. "गा" म्हटलं आणि थांबले. मग शिट्टी कमी झाली. ह्यांना वाटलं उतार पडला, मलाही तसंच वाटलं. त्यात आमची वीस मिनिटं गेली. शिट्टी वाजायलासुद्धा नळीतून हवा वाहावी लागते. धाप तशीच आणि छाती गप्प, ही सर्वांत धोक्याची खूण, हे दवाखान्यात कळलं. बाहेर कोहऱ्यात गाडीच्या नाकापुढचं दिसत नव्हतं. हे खिडकीतून मान बाहेर काढून रस्त्याची कड बघत चालवत होते. पुढे ऑक्सिजन, नेब्युलायझर, सलाईन, चार दिवस.

सुट्टी देताना डॉक्टरांनी पंप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लेकर दिखाइए." बारा वर्षं पंप घेत होते, आणि निम्मं औषध जिभेवर मारत होते. त्यांनी स्पेसर दिला, म्हणजे मधे लावायची प्लास्टिकची नळकांडी. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, एक दाब द्यायचा, सावकाश आत ओढायचा, दहा आकडे थांबायचं, आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. तुमच्या डॉक्टरांसमोर एकदा तरी घेऊन दाखवा. लाजू नका.

आता ताईच्या मुलाला आणि तुम्हालाही सांगते. नव्या गावी बरं वाटलं तरी रोजचा पंप निदान एक वर्ष, तिथले सगळे ऋतू पाहून होईपर्यंत, आपल्या मनाने सोडू नका. कमी करायचा तर डॉक्टरांना करू द्या. निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागायला लागला, तर दमा ताब्यात नाही असं समजा.

लखनौचं वर्ष मी आता असं ओळखते. मार्च-एप्रिलमध्ये चिलबिल, म्हणजे आपला वावळा, त्याचे पराग उडतात. त्या दिवसांत कपडे गच्चीवर वाळत घालत नाही आणि होळीच्या गुलालापासून लांब राहते. मे-जूनमध्ये लू आणि धुळीच्या आंध्या. पंप तीस अंशांच्या खाली ठेवायचा असतो, उन्हात उभ्या गाडीत विसरू नये. कूलरकडे बारीक लक्ष हवं. गेल्या मोसमातल्या खसच्या जाळ्या तशाच ठेवून कूलर लावला, की पहिल्या झुळकीला जो कुबट वास येतो तो बुरशीचा, कोकणातल्या कपाटातला. जाळ्या नव्या घालायच्या, टाकी घासायची, आणि पहिले दोन तास दम्याच्या माणसाने त्या खोलीत थांबायचं नाही. पावसाळ्यातली उमस रजई-गाद्यांतल्या सूक्ष्म किड्यांना मानवते. त्यामुळे दसऱ्याला रजई दोन दिवस कडक उन्हात टाकून झोडायची, तीही दुसऱ्या कोणीतरी, आणि मग धुता येईल अशा घट्ट विणीच्या खोळीत घालायची. थंडीत फिरणं बंद करू नका, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान फिरा. निघण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर आकडा बघा. लालबाग, तालकटोरा, गोमतीनगर सगळीकडचा वेगळा दिसतो. आकडा 'खराब'च्या पुढे असेल तर घरातच हातपाय हलवा. ओढणी किंवा रुमाल हे बारीक कण अडवत नाही, एन-९५ मास्क अडवतो. बंद खोलीत अंगीठी, म्हणजे शेगडी, कधीही नको.

आणि गणपतीला चिपळूणला जाताना मी दोन्ही पंप घेऊन जाते. वर्षभर बंद असलेलं घर दुसऱ्यांनी उघडून, पुसून, वारा खेळवून ठेवल्यावरच आत पाऊल टाकते.

धाप लागलीच तर आडवं होऊ नका, ताठ बसा. निळा पंप स्पेसरमधून एकेक दाब करत, वीस मिनिटांत चार ते दहा वेळा. उतार पडत नसेल, किंवा एक वाक्य एका श्वासात बोलता येत नसेल, तर दवाखाना गाठा. इथे रुग्णवाहिकेचा नंबर १०८. शिट्टी थांबायची वाट बघू नका.

ताईचा मुलगा १ जुलैला रुजू होतोय. तेव्हा त्याला हवा मानवल्यासारखीच वाटेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचं, असं आम्ही दोघींनी आत्ताच ठरवून टाकलं आहे.